भिंत वजा करून

बंगळूरच्या जुन्या दिवसांवर लिहायचं म्हटलं की बहुतेक जण झाडांपासून सुरुवात करतात. मग तळी येतात, लाल कौलांचे बंगले येतात, पंख्याशिवाय गेलेले उन्हाळे येतात. ते सगळं होतं, नाकारण्याचं कारण नाही. पण आमचं घर चिकपेटच्या ज्या गल्लीवर चाललं तिथं एकही झाड नव्हतं. गल्लीची रुंदी गटार धरून नऊ फूट. दोन्ही बाजूंचे सज्जे एकमेकांकडं झुकलेले, त्यामुळं आभाळ दिसायचं ते साडीच्या फॉलएवढं. आमचे मल्लेश्वरमचे शेजारी तिथं यायचे ते नाकाला रुमाल लावून, आणि खरेदी झाली की सुटका झाल्यासारखे निघायचे. मी आयुष्यात जे काही देखणं पाहिलं, त्यातलं निम्म्याहून जास्त त्या नऊ फुटांत पाहिलं. हे विधान मी तपासून केलं आहे आणि ते मागं घेणार नाही.

गेल्या महिन्यात त्या गल्लीत पुन्हा गेले. मेट्रो आता थेट चिकपेटच्या पोटात नेऊन सोडते. जिन्यावरून वर आलं की पहिल्या पन्नास पावलांत चार वास येतात: नव्या कापडाची खळ, मिरची भज्यांचं तेल, उदबत्ती, ओलं गोणपाट. आमच्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात. छताला पांढऱ्या दिव्यांच्या पट्ट्या आणि तिन्ही भिंतींना आरसे. विक्रेत्यानं कन्नडमध्ये विचारलं, कुठलं मॉडेल. मी म्हटलं, काही नको, स्वल्प थांबते इथं. तो "सरी, मॅडम" म्हणाला आणि आपल्या फोनकडं वळला.

मी थांबले ती दारात. अक्का बसायची तिथं.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो, अक्का एकटी श्रीपाद म्हणायची. तिचं खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि बहुधा तिथंच वापरलं गेलं. अण्णांसाठी, माझ्यासाठी, हमालांसाठी आणि गिऱ्हाइकांसाठी ती अक्काच होती. तिनं लग्न केलं नव्हतं. का, ते घरात कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमचं घराणं या शहरात इतक्या पिढ्यांचं आहे की मूळ गाव कुठलं म्हटलं तर तिघं जण तीन गावं सांगतात. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, आणि दुकानात दोन्हीचे धागे एकाच कापडात.

दुकान ब्लाउजपिसांचं होतं. बाई साडी घेऊन यायची, आम्ही तिला जुळणारं कापड द्यायचं. एवढंच काम. आत तीन बाजूंना छतापर्यंत लाकडी फळ्या, आणि फळ्यांवर टू-बाय-टू रुबियाचे तागे रंगांच्या क्रमानं. डाव्या हाताला कुंकवापासून सुरुवात व्हायची, मग भगवे, पिवळे, हिरवे असं करत उजव्या कोपऱ्यात निळे-जांभळे. मिलवाले प्रत्येक रंगाला नंबर देत. अक्कानं नंबर कधी वाचले नाहीत. तिची नावं वेगळी होती. भिजलेली वीट. कॉफीवरची साय. पोपटाचं पिल्लू. कनकांबर, म्हणजे अबोली, आणि त्याच्या शेजारचं कोमेजलेलं कनकांबर. एका निळसर करड्या ताग्याचं नाव होतं रविवारचं गटार. वरच्या अंगाचे रंगारी रविवारी आठवड्याचं पाणी सोडायचे, तेव्हा आमच्या दारासमोरून तासभर तो रंग वाहायचा. मी तो पुष्कळदा पाहिला आहे. कडेला शेवाळाची हिरवी रेघ, मध्ये ते रेशमासारखं हलणारं करडं पाणी, आणि वरचं आभाळ त्यात चिरलेलं. गिऱ्हाइकाला अर्थात हे नाव सांगायचं नाही.

"ह्याला काय म्हणतात, अक्का?" एखादी नवरी मुलगी विचारायची.

"सिल्व्हर ग्रे," अक्का सांगायची.

जुळवण्याची रीत ठरलेली होती. दुकानात दोन ट्यूबलाइट होत्या, पण त्यांच्याखाली कापड कधी जुळवायचं नाही. साडी आणि तागा, दोन्ही उंबरठ्यावर आणायचं. अक्का तिथं स्टुलावर बसलेली असे, अर्धी आत, अर्धी बाहेर. ती ताग्याचं टोक पदरावर टाकायची, एकदा बघायची, मान वळवून रस्त्याकडं बघायची, आणि मग पुन्हा कापडाकडं. "पहिल्यांदा डोळा लाड करतो," ती म्हणायची, "दुसऱ्यांदा खरं सांगतो." दुसऱ्या नजरेत रंग टिकला की कात्रीनं काठावर बोटभर चीर, आणि दोन हातांनी कापड फाडायचं. तो आवाज कोरडा आणि सरळ होता. गल्लीत दिवसभर अनेक दुकानांतून तो येई, आणि कान सरावलेला माणूस आवाजावरून सांगू शके की रुबिया फाटली की पॉपलिन.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक म्हणून उमेदवारी करत होते. पाळी दुपारी तीनला सुरू व्हायची, म्हणून सकाळी मी अक्काबरोबर दुकानात. आम्ही मल्लेश्वरमहून बसनं मार्केटला उतरायचो आणि तिथून चालत जायचो. त्या वीस मिनिटांत ती मला काम द्यायची.

"आज पांढरा," ती म्हणायची. "किती दिसले सांग."

पहिल्या दिवशी मी सांगितलं, एक. पांढरा तो पांढरा. तिनं मला मार्केटच्या पायऱ्यांपर्यंत परत नेलं. महिनाभरात मी अकरापर्यंत गेले. इडलीच्या फडक्यातून निघालेल्या वाफेचा पांढरा. विड्याच्या पानावरच्या चुन्याचा. भट नीळ घालून धुतात त्या पंच्याचा, ज्यात निळं अगदी नखाएवढं असतं. सोललेल्या लसणीचा, ज्यात हिरवं आहे. मिठाच्या पोत्याचा, ज्यात करडं आहे. मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या कळ्यांचा, ज्यात काहीच मिसळलेलं नाही. ऑफिसात आमचे मुख्य उपसंपादक विशेषणांवर लाल रेघ ओढायचे. अक्का मला विशेषण नीट सापडल्याशिवाय पुढं पाऊल टाकू द्यायची नाही. दोघांत मला विरोध वाटला नाही. दोघांनाही आळशी शब्द खपत नसे.

हे सगळं व्यवस्थित चाललं होतं, असं मी म्हणेन. मग एका वर्षी संक्रांत झाली आणि कापड परत यायला लागलं.

पहिल्या आल्या जयलक्ष्मी टीचर. मल्लेश्वरमच्या एका शाळेत शिकवायच्या, आणि माझ्या जन्माआधीपासूनच्या गिऱ्हाईक. वांगी रंगाची रेशमी साडी आणि शिवून झालेला ब्लाउज त्यांनी गल्ल्याशेजारी ठेवला.

"अक्का, मी काही बोलायला आले नाही," त्या म्हणाल्या, आणि पाच मिनिटं बोलल्या. साडी वांगी, ब्लाउज जांभूळ. शाळेच्या मैदानात उभं राहिलं की स्पष्ट दिसतं. मुली हसल्या. तमिळ शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, नवीन फॅशन का.

अक्कानं ब्लाउज हातात घेतला, दारात गेली, साडीवर ठेवला. दोनदा पाहिलं. "जुळतंय की," ती म्हणाली. पण आवाज नेहमीचा नव्हता.

तीन आठवड्यांत सहा पिसं परत आली. सगळी निळ्या-जांभळ्या कोपऱ्यातली. एवढ्या वर्षांत सगळी मिळून तेवढी आली नव्हती. अक्का तेव्हा साठीला टेकली होती, आणि गल्लीनं दोन अधिक दोन केले. अण्णांनी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण अगदीच किरकोळ, आत्ता काही करायला नको. अण्णांनी त्यातलं पहिलं वाक्य घरी आणलं.

ते दुष्ट माणूस नव्हते. एका सकाळी सुतार टेप घेऊन आला आणि दाराचं माप घ्यायला लागला, तेव्हा अक्कानं विचारलं, हे काय. अण्णांनी शांतपणे सांगितलं. युगादीच्या आधी दुकानाला पुढून काच बसवायची. आत सहा ट्यूबलाइट. मिलचं शेडकार्ड भिंतीवर, म्हणजे नंबर बघून कुणीही कापड देऊ शकेल.

"आणि मी?"

"तू आत बस. पंख्याखाली. आयुष्यभर धूळ खाल्लीस."

"मला धुळीचा त्रास नाही."

"अक्का, वय झालं की होतं असं. तुझी चूक नव्हे."

"मग कुणाची, साडीची?"

सुतारानं टेप तसाच धरून ठेवला होता. "घे बाबा माप," अक्का त्याला म्हणाली. "तुझा दिवस कशाला फुकट घालवायचा." आणि स्टूल फूटभर सरकवून त्याला जागा करून दिली.

युगादीला पाच आठवडे होते. महाराष्ट्रातले लोक ज्याला पाडवा म्हणतात त्याला आम्ही युगादीच म्हणतो. त्यानंतर लग्नसराई. पाच आठवड्यांनी अक्काची जागा जाणार होती, आणि त्या जागेशिवाय तिला दुसरं काही नव्हतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ती भांडली नाही. तिचं काम मात्र बदललं. दोनदाच्या जागी ती तीनदा बघायला लागली, चारदा. एका सकाळी दोन निळे तुकडे तिनं माझ्यापुढं धरले.

"हे एकच आहेत का ग?"

तिनं रंगाबद्दल कुणाला विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी दारात उभं राहून पाहिलं आणि म्हटलं, हो, एकच. तो तुकडा चार दिवसांनी परत आला. माझे डोळे चोवीस वर्षांचे होते. ते फसले असतील तर दोष मोतीबिंदूचा नव्हता, एवढं साधं अनुमान मी काढलं नाही. मलाही सगळ्यांसारखं उत्तर आधीच ठाऊक होतं. बातमीच्या धंद्यात याहून मोठी चूक नाही.

उशिरा का होईना, धंद्यातलं दुसरं एक काम मी केलं. परत आलेल्या बायकांना विचारलं, कापड कधी नेलं होतं? कुणी म्हणालं, दूधवाल्याचा हिशोब आटपून निघाले त्या दिवशी. कुणी म्हणालं, पोरांचा डबा देऊन तशीच आले. तारखा वेगळ्या, वार वेगळे. पण सगळ्या सकाळी आल्या होत्या, जेवणाच्या आधी. मी हे अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "सकाळी डोळा ताजा असतो." त्यातून काय निघतं ते दोघींनाही कळलं नाही.

ते कळलं राजम्मामुळं. राजम्मा फुलं विकायची. रोज दुकान उघडता उघडता, दहाच्या सुमाराला ती यायची आणि देवाच्या तसबिरीसाठी एक मोळ मल्लिगे मोजून द्यायची. मोळ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. त्या दिवशी बस मोडल्यामुळं तिला यायला अकरा वाजले. तिनं उंबरठ्यावर टोपली उतरवली आणि फुलं मोजायला हात लांब केला. ती बोलायची कन्नड, अक्का कन्नडात मराठी कालवून. मी इथं सगळं मराठीत लिहिते.

"राजम्मा, कालची फुलं का?" अक्का म्हणाली.

"कालची? पहाटे चारला मार्केटात उभी राहून घेतलीत, अक्का."

"पिवळी पडलीत की."

"फुलं नाही पडली पिवळी. तुमची नजर पडलीय."

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट राजम्मानं फुलांच्या भावात बोलून टाकली होती. अण्णा एक घडी घातलेला तागा उलगडून पुन्हा घडी घालायला लागले. राजम्मालाही उमगलं असावं. ती म्हणाली, "तसं नव्हे अक्का, मी आपलं बोलले." अक्कानं तिच्या बोलण्याकडं लक्ष दिलं नाही. ती फुलांकडं बघत होती. वाकून तिनं माळ नाकाशी नेली. ताज्या मल्लिगेचा वास थंड असतो, शिळीचा गोडसर. माळ थंड होती.

ती उठली, राजम्माचं मनगट धरलं आणि चालायला लागली.

"अय्यो, टोपली," राजम्मा म्हणाली.

"टोपलीला काय पाय फुटलेत? चल."

मी मागोमाग गेले. आमच्या दारापासून बावीस पावलांवर गल्ली रुंद रस्त्याला मिळते आणि वर पुरतं आभाळ लागतं. तिथं अक्कानं माळ तळहातावर धरली. मल्लिगे पांढरी होती. त्यात काहीच मिसळलेलं नव्हतं.

ती परत दाराशी आली. माळ लोण्याच्या रंगाची झाली. पुन्हा कोपऱ्यावर: पांढरी. पुन्हा दार: लोणी. हातगाडीवाले तिच्या दोन्ही बाजूंनी वाट काढत होते, एक जण म्हणालाही, "अक्का, देव तिकडं नाही, देवळात आहे." चौथ्या फेरीला दाराशी येऊन तिनं फुलांकडं पाहिलंच नाही. ती वळली आणि समोर पाहायला लागली.

समोर एका कापड व्यापाऱ्याचं गोदाम होतं. त्याची भिंत अनेक वर्षं चुन्याची, पावसानं राखी झालेली अशी होती. संक्रांतीनंतर त्यांनी तिला तैलरंग दिला होता, हळदीचा पिवळा, चकचकीत. सगळ्या गल्लीनं कौतुक केलं होतं. आम्हीही केलं होतं. आमच्या दुकानाचं तोंड पश्चिमेला. सकाळी साडेदहाला ऊन आमच्या छपरावरून त्या भिंतीवर उतरायचं, दुपारी सव्वाबारापर्यंत थांबायचं, आणि त्या वेळात आमच्या उंबरठ्यावर पडणारा उजेड आभाळाचा नसायचा, भिंतीचा असायचा. पिवळ्या उजेडात सगळी निळी भावंडं एकसारखी दिसतात. साठीच्या डोळ्यांना तशी दिसतात आणि चोविशीच्याही.

"भिंत आहे," अक्का म्हणाली. आवाज चढवला नाही. तिनं राजम्माला दोन मोळ मल्लिगे मोजायला सांगितली.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, बाहेर येऊन भिंत पाहिली, हात पुढं धरून तळव्यावरचा पिवळा पाहिला, आणि म्हणाले, "मग तर काच लावायलाच हवी. आज ही भिंत, उद्या दुसरी. ट्यूबलाइटला समोर भिंत नसते."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. ते समोरच्या शेठना विचारूनही आले. शेठ म्हणाले, रंग ज्योतिषानं सांगितलेला, बदलायचा नाही.

"श्रीपाद," अक्का म्हणाली, "तुझ्या ट्यूबलाइटखाली साडी नेसून कोण उभं राहणार आहे?"

"म्हणजे?"

"बाई साडी नेसून रस्त्यावर जाते. रस्त्यात भिंती असतात. झाडं असतात, लाल बस जाते, मांडवाचं कापड असतं. उजेड कुठं धुतलेला मिळतो? ह्या सगळ्यात जुळलं पाहिजे."

"आणि ते तू कसं बघणार?"

"भिंत वजा करून."

अण्णा हसले. मला खरं तर वाटतं, हसू आवरलं नाही म्हणून ते आत गेले.

पुढचे बारा दिवस मी पाहिले, म्हणून खात्रीनं लिहिते. अक्का उजव्या कोपऱ्यातला एकेक निळा तागा उचलायची, साडेदहाला दारात धरायची, मग अकराला, साडेअकराला, बाराला. प्रत्येक वेळी बावीस पावलं चालून कोपऱ्यावर जाऊन तोच तुकडा आभाळाखाली बघायची, आणि परत. मोरपंखी भिंतीसमोर नुसता हिरवा होतो. वांगी तपकिरीकडं झुकतो. आकाशी मरतो. दोन जांभळे, जे कोपऱ्यावर सख्खे भाऊही नाहीत, ते दारात जुळे दिसतात. ती काही लिहून घेत नव्हती. ओठ हलायचे, लहान मूल पाढे म्हणतं तसे. अकराच्या उन्हात भिंत म्हणते जुळलं, तर दोन घरं उजवीकडचा तागा घ्यायचा, बाराला एक घर. गल्लीतले लोक आधी थट्टा करायचे, मग वाट सोडायला लागले. तेराव्या दिवशी ती कोपऱ्यावर गेली नाही.

त्या बारा दिवसांत मीही ती भिंत पाहिली. आजवर कुणी तिला सुंदर म्हटलं असेल असं वाटत नाही. पण साडेदहाला ऊन तिच्या वरच्या काठावर बोटभर पट्टी ओढायचं आणि ती पट्टी खाली सरकताना समोरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या एका गालाला हळद लागायची. हमालाच्या, भटाच्या, नाकाला रुमाल लावलेल्या बाईच्या. स्टीलच्या डब्यांची गाडी गेली की शंभर लहान भिंती हलत हलत जायच्या. गटारातही एक भिंत असायची, उलटी. तैलरंगाचा उग्र वास आणि भिंतीवर तापलेल्या उन्हाचा वास, हे दोन्ही एकदम येत. आमच्या दुकानावर संकट आणणारी ती गोष्ट होती, आणि ती देखणी होती. दोन्ही खरं आहे.

युगादीला आठ दिवस असताना जयलक्ष्मी टीचर आल्या. बोलावणं अक्काचं होतं. वांग्याची साडी घेऊन या, सकाळी अकरालाच या. सुतारानं काचेच्या चौकटी आणून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. अण्णा गल्ल्यावर.

अक्कानं साडी मांडीवर घेतली, दोनदा पाहिलं, आणि फळ्यांकडं न बघता मला सांगितलं, "वरून चौथी फळी, शेवटून तिसरा."

मी तागा आणला. तो पदरावर पडला आणि अण्णा उठून उभे राहिले. पिवळ्या उजेडात साडी तपकिरी दिसत होती आणि कापड सरळ जांभळं. आंधळ्यालाही कळलं असतं.

"अक्का, हे जुळत नाही," अण्णा म्हणाले.

"नाही जुळत," अक्का म्हणाली आणि कात्रीनं चीर दिली.

"अक्का, थांबा स्वल्प," टीचर म्हणाल्या. "मागच्या वेळी जुळलेलं दिसलं ते जुळलं नाही. आता दिसतच नाही ते कसं जुळेल?"

"म्हणूनच."

तिनं कापड फाडलं. मग टीचर, अण्णा आणि मी असे तिघं ते घेऊन कोपऱ्यावर गेलो. अक्का आली नाही. आभाळाखाली टीचरनी ब्लाउजपीस साडीवर ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. काठ कुठं संपतो आणि कापड कुठं सुरू होतं ते बोटानंच कळत होतं. अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"हे काय बाई," टीचर म्हणाल्या. "आता मैदानात दहा फेऱ्या मारते."

आम्ही परतलो तेव्हा अक्का पुढच्या गिऱ्हाइकाची साडी बघत होती. अण्णांनी सुताराला चौकटी परत न्यायचा निरोप पाठवला. ट्यूबलाइट मात्र त्यांनी लावल्याच, सहाच्या सहा, आणि शेडकार्डही टांगलं. ते कार्ड कुणी उचललं तर अक्का हरकत घ्यायची नाही. म्हणायची, "बघा, बघा. मिलवाल्यांनी मेहनत केलीय."

चिकपेटच्या त्या दारात मी किती वेळ उभी होते, मोजलं नाही. समोर गोदामाच्या जागी चार मजली निळ्या काचेची इमारत आहे, आणि आता गल्लीत सकाळी निळा उजेड पडतो. माझ्या पिढीचे लोक म्हणतात, शहर कुरूप झालं. असेल. मी त्यांना विचारते, कुठल्या वाजता पाहिलंत? आमच्या जुन्या उंबरठ्यावर बाराच्या सुमाराला एक मोसंबीवाला गाडी लावतो, आणि त्या निळ्यात त्याची मोसंबी कच्च्या कैरीसारखी दिसतात. तो एखादं फळ उचलतो, गाडीबाहेर हात लांब करून उन्हात धरतो आणि गिऱ्हाइकाला दाखवतो. त्याला हे कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही. मी अर्धा डझन घेतली.

अक्का त्या जागेवर दशक संपेपर्यंत बसली. सत्तरीच्या उंबरठ्यावर एकदा ती बसच्या पायरीवर अडखळली, म्हणून मी तिला डॉक्टरांकडं नेलं. तेच डॉक्टर, केस पांढरे झालेले. त्यांनी दोन्ही डोळ्यांत उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, दोन्ही मोतीबिंदू चांगले पिकलेत, पिवळे. मग सहज विचारलं, "काम काय करता?"

"रंग जुळवते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "गेली चार-पाच वर्षं यांना निळा रंग धड दिसत नसणार."

"दिसत नव्हता," अक्का म्हणाली. "पण होता."

मी त्या वर्षांतली परत आलेली कापडं आठवायचा प्रयत्न केला. एकही आठवलं नाही. अण्णांना विचारलं, त्यांनाही नाही. डोळ्यातली भिंत तिनं कुणाला न सांगता वजा केली होती. सकाळी समोरची एक आणि दिवसभर ही दुसरी.

आधी एक डोळा, मग महिन्याभरानं दुसरा, असं ऑपरेशन झालं. काळा चष्मा सुटल्यावर ती दुकानात आली ती सरळ उजव्या कोपऱ्याकडं गेली. अण्णा मागं, मी मागं. निळ्यांच्या त्या फळ्या चार-पाच वर्षं तिनंच लावल्या होत्या, न दिसणाऱ्या रंगांच्या. ती आता त्या पहिल्यांदा बघत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही दिवस ते येणारच. वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत ती एकेक तागा बघत आली. मग तिनं एक ओढून काढला आणि दोन घरं डावीकडं सरकवला.

"हा एक चुकला होता," ती म्हणाली, आणि दारात जाऊन बसली.